काच बंद असेल तर

अगं तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, चहा घेणार का विचारू नकोस, नुसतं ऐक. एकदा थांबले ना, तर परत सुरू करायला जमणार नाही मला. आणि मी रडेनबिडेन अशी तयारी करून बसली असशील तर तो रुमाल ठेव आत. तेच तर सांगायचंय, मला काही होतच नाहीये. दात काढताना गाल बधीर करतात बघ, आणि मग घरी येऊन आपण गाल दाबून बघतो, हा आपलाच आहे ना म्हणून? तशी फिरतेय मी. सगळीच्या सगळी.

तर आमची ॲम्ब्युलन्स. मागं पेशंटपाशी मी, पुढं मामा. मामा म्हणजे ड्रायव्हर, माझे कोणी लागत नाहीत, ते सगळ्यांचेच मामा. स्टँडवर बाकीचे त्यांना रेडिओ म्हणतात, तेही तोंडावर. गाडीतला खरा रेडिओ कधीचा बिघडलाय, पण कुणी दुरुस्तीला टाकलाच नाही, कारण गरजच पडली नाही. माणूस किल्ली फिरवतो आणि सुरू होतो. रस्त्याबद्दल, पेट्रोलबद्दल, स्वतःच्या गुडघ्याबद्दल. पुढची केबिन आणि मागची बाजू यांच्यात पत्र्याची भिंत आहे आणि भिंतीत एक सरकती काच, एवढीशी, आपल्या जेवणाच्या ताटाएवढी. कडी ड्रायव्हरच्या बाजूनं. पेशंट लहान असला की मामा काच सरकवतात आणि मान अर्धी वळवून गप्पा मारतात. पोरं शांत बसतात. मी सुई टोचेपर्यंत पोराला कळत नाही. इतकी सवय झालीय ना मला त्याची, की तो आवाज काचेतून येतो की पत्र्यातून हे डोक्यातच येत नाही. इंजिनाचा आवाज कुठून येतो विचारतं का कुणी?

बरं. सध्या गोवरची साथ आहे हे तर तुला माहितीय. साथ सुरू झाली तेव्हा आम्हाला शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी काय केलं, खोलीच्या कोपऱ्यात अत्तराचा फवारा मारला आणि बाटली पर्समध्ये टाकली. मग बोलत बसल्या हे-ते. थोड्या वेळानं शेवटच्या रांगेतल्या एकाला विचारलं, वास येतोय? येतोय म्हणाला. बाटली कुठाय? पर्समध्ये. "गोवर अस्साच," म्हणाल्या. "पोरगं उतरून गेलं तरी गोवर गाडीतच बसलेला असतो. दोन तास. बिनतिकीट." सगळे हसलो आम्ही. तर नियम असा, की गोवरचा पेशंट सोडला की गाडीची दारं सताड उघडायची, आतून सगळं औषधाच्या पाण्यानं पुसायचं, आणि दोन तास दुसरा पेशंट घ्यायचा नाही. त्यातून ज्यांना लस झालेली नाही ते तर नाहीच. म्हणजे नऊ महिन्यांच्या आतली बाळं, कारण लस नवव्या महिन्यात. मी हात वर करून विचारलं होतं, पुढच्या केबिनचं काय? मीच विचारलं होतं गं. "केबिन वेगळी धरायची," मॅडम म्हणाल्या. "मधली काच बंद असेल तर."

त्या दिवशी दुपारी एक मुलगा घेतला आम्ही. पाचेक वर्षांचा. अंगभर गोवर, छातीत कफ, डोळे लाल लाल. त्याचा बाप कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. मी त्या निळ्या झग्यात, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. पोरगं मला बघून जे किंचाळायला लागलं! ऑक्सिजनचा मास्क लावू देईना, पाय झाडतंय, श्वास आणखी चढतोय. आणि मीच ओरडले, "मामा, बोला ना काहीतरी!"

सर्रकन काच सरकली.

"काय रे ठिपकेवाल्या, किती झाले? मोजलेस का?"

पोरगं गप्प.

"माझ्या गाडीला पण आलेत ठिपके. बघितलेस ना चढताना? गंज म्हणतात त्याला."

"मग तिला पण दवाखान्यात न्या," पोरगं म्हणालं. मास्क लावलेला होता तोवर मी.

"अरे, तिलाच तर नेतोय. तुला काय वाटलं, तुझ्यासाठी निघालोय?"

हसलं गं ते. मग मामांनी डोक्यावरची टोपी काढली, ती त्यांची निळी, कडा उसवलेली, आणि काचेतून मागं दिली. "ही घाल, म्हणजे तू ड्रायव्हर. मी नुसतं स्टिअरिंग धरतो." पूर्ण रस्ता ती टोपी त्याच्या डोक्यावर. साथीच्या रुग्णालयात पोचलो, पोराला आत दिलं, ऑक्सिजन बरा दाखवत होता. उतरताना त्यानं टोपी काढून परत काचेतून पुढं टाकली, अगदी शिस्तीत, ड्यूटी संपल्यासारखी. सांगतेय ना, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

स्टँडवर आलो. आमचा स्टँड म्हणजे बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचं अंगण, समोर टायरवाला, त्याच्या डोक्यावर दोन मजले. गाडीची मागची दारं उघडली, कंट्रोलला कळवलं की गाडी दोन तास बंद. मामा पुसायला लागले, मी झगा काढून पिशवीत बांधला, हात धुतले, आणि पायरीवर बसून बिस्किट खात होते. त्या औषधाचा वास हाताला असतो ना, बिस्किटाला पण तोच लागतो.

आणि समोरच्या जिन्यातून एक बाई आली. धावत नाही, अक्षरशः घसरत. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताला तीन-चार वर्षांची मुलगी फरफटत. "ताई, बघा ना, ताई, बघा ना," एवढंच. त्या मुलीनं काय केलं होतं, स्वतःच्या वाटीतला शेंगदाणा लाडानं बाळाच्या तोंडात घातला होता. आणि ती मोठ्यानं सांगत होती सगळ्यांना, "मी त्याला दिला, मी एकटी नाही खाल्लं." शहाणपणा सांगतो ना आपण पोरांना, वाटून खा म्हणून.

मी बाळ घेतलं, मांडीवर पालथं टाकलं, पाठीत थापा मारल्या. उलटं केलं, छातीवर दाबलं. परत थापा. काही पडलं नाही बाहेर, पण रडलं. रडलं म्हणजे हवा जातेय. पण श्वासाला शिट्टी, बारीक, आणि छातीची एकच बाजू वर येतेय. म्हणजे दाणा आत सरकून एका नळीत अडकलाय. अशा वेळी तोंडात बोट घालायचं नाही, काही करायचं नाही, सरळ मोठं हॉस्पिटल. आणि वाटेत दाणा हलला तर तिथल्या तिथं श्वास बंद.

"किती महिन्यांचा?" मी विचारलं.

"सातवा लागलाय."

सातवा. आणि माझ्या मागं गाडी, दारं सताड उघडी, आतून ओली.

कंट्रोलला फोन लावला. दुसरी गाडी पुलापलीकडं, अपघातावर. "येईल, पण कधी ते विचारू नकोस." टायरवाल्यानं रस्त्यात उभं राहून टॅक्सी थांबवली, तर तो काच खाली करून म्हणाला, "ताप आहे का पोराला?" उत्तर ऐकायलाही थांबला नाही. हल्ली असंच झालंय, आजारी मूल दिसलं की सगळ्यांना घाई. बाईचा नवरा फोन उचलत नव्हता. बाळाचे ओठ, म्हणजे निळे नाही म्हणणार मी, पण नेहमीचे पण नव्हते. आणि ती बाई माझ्याकडं बघतेय, आणि मग माझ्यामागच्या गाडीकडं, आणि परत माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न साधा होता. गाडी आहे ना ही?

आणि मला मॅडम आठवल्या. केबिन वेगळी धरायची. एवढंच आठवलं बघ. वाक्याचा पुढचा अर्धा भाग आलाच नाही.

"मामा, पुढं बसवते. मागं कुणी नाही. केबिन वेगळी आहे."

मामांच्या हातात ओलं फडकं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, केबिनकडं बघितलं, तोंड उघडलं. मग बाळाकडं बघितलं. आणि तोंड मिटलं. फडकं टाकलं, हात धुतले, मागची दारं लावली आणि किल्ली फिरवली.

मुलीला टायरवाल्याकडं सोडलं. मी मध्ये, छोटा सिलिंडर पायांत धरून, बाई दाराशी, बाळ तिच्या मांडीवर. ऊन समोरून येत होतं, काचेतून थेट बाळाच्या डोळ्यांवर. बाईला डॅशबोर्डवर काहीतरी दिसलं, तिनं उचललं आणि बाळाच्या तोंडावर सावली धरली. मी ऑक्सिजनची नळी धरून शिट्टी ऐकतेय. शिट्टी आहे तोवर ठीक. सायरन आणि शिट्टी, बाकी काही नाही. मला एकदा वाटून गेलं, आज गाडी किती शांत आहे. मामा एक शब्द बोलले नाहीत. पुलावर नाही, सिग्नलवर नाही, एक माणूस समोर आडवा आला त्याला शिवी पण नाही. मला वाटलं, टेन्शन असेल.

पोचलो. बाळाला आत घेतलं, दुर्बीण घालायला लगेच नेलं. ती बाई मामांच्या हाताला धरून म्हणाली, "मामा, तुम्ही होता म्हणून." मामांनी हात सोडवून घेतला. मी खूश होते गं. खरंच खूश होते. गाडीपाशी आले, म्हटलं सीट पुसून घेऊ, आणि सीटवर टोपी पडलेली. निळी. कडा उसवलेली. बाळाच्या लाळेनं एका बाजूनं ओली.

मी ती उचलली आणि म्हटलं, "मामा, ही तर मागं होती ना."

तिथंच उभी राहून मी काचेकडं बघितलं. अजूनही उघडीच होती. ताटाएवढी.

बघ, म्हणजे मला धस्स व्हायला हवं होतं ना? पोटात गोळा, हातपाय गार, असं काहीतरी. काही नाही. कुणीतरी आवाज बंद केल्यासारखं झालं, एवढंच. मी टोपीची उसवलेली कड बघत बसले. म्हटलं, ही शिवायला पाहिजे.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं," मामा म्हणाले. "तू विचारलं नाहीस. आणि खरं सांगू, बरं वाटलं मला." मग म्हणाले, "शिट्टी ऐकू येत होती मला तिकडं, फडकं हातात असताना."

"आता?"

"आता जाऊन सांग. तीन दिवसांत लस दिली तर वाचतं बरेचदा, त्या अत्तरवाल्या बाईनंच सांगितलेलं. मी पण होतो वर्गात. सगळ्यांना वाटतं मी नुसता बोलतो."

"तुम्हाला काढतील." कारण काचेवरून त्यांना आधी एकदा ताकीद मिळालेली होती. साथीच्या पेशंटला काच बंद, बोलणं बंद.

"काढतील," ते म्हणाले. टोपी माझ्या हातातून घेतली आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली.

मी वर गेले. मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टर बाहेर आल्या, दाणा निघाला होता, अर्धा, तो त्यांनी छोट्या डबीत ठेवला होता आईला दाखवायला. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, ओरडल्या वगैरे नाहीत. बाळाला गोवरच्या लसीचा जादा डोस देऊ म्हणाल्या, नवव्या महिन्यात नेहमीचा परत द्यायचाच. उपयोग होतो, पण शंभर टक्के कुणी लिहून देत नाही. बाळ ठीक झालं की घरी, आणि मग तीन आठवडे दुसऱ्या लहान मुलांत न्यायचं नाही, ताप आला किंवा पुरळ दिसलं तर थेट दवाखान्यात यायचं नाही, आधी फोन करायचा, म्हणजे तिथं रांगेतल्या बाकीच्यांना लागायला नको. हे सगळं त्या भराभर बोलल्या आणि म्हणाल्या, "औषधाचं मी सांगते आईला. गाडीतलं तुम्ही सांगा."

बाई बाकावर बसली होती. हातात ती डबी. मला बघून सरकून जागा केली तिनं. जागा केली गं, माझ्यासाठी. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. त्या दुपारचा मुलगा, काच, टोपी, दोन तास, सगळं. तिला आधी कळेचना.

"पण तो तर बरा झालाय," ती म्हणाली. "हा बघा ना दाणा."

मी परत सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. पण त्या वेळी विसरले."

"विसरलात," ती म्हणाली. चिडून नाही. आपण बाजारातून काहीतरी आणायचं विसरलो की घरचे म्हणतात ना, तसं. मग डबी या हातातून त्या हातात घेतली. "आणि विसरला नसतात तर?"

मी बाकाच्या कडेला हात टेकला.

"तर बसवलं नसतं आम्हाला?"

"माहीत नाही."

"मग आम्ही काय केलं असतं तिथं? उभे राहिलो असतो?"

तिनं डबीचं झाकण उघडून परत लावलं. मग म्हणाली, "तुमचं असतं तर बसवलं असतंत का? खरं सांगा." आणि मी म्हटलं, हो. लगेच म्हटलं. इतक्या पटकन, की म्हणून झाल्यावर मलाच वाटलं, हे कोण बोललं? माझं तर मूलच नाही.

तिनं माझा फोन नंबर मागून घेतला. मला वाटलं, तक्रार करणार. करायलाच हवी होती.

मामांना दुसऱ्या दिवशी गाडीवरून उतरवलं. साहेबांनी विचारलं, काच कुणी उघडली? मी म्हटलं, मी सांगितलं होतं उघडायला. साहेब म्हणाले, कडी कुणाच्या बाजूनं आहे? झालं. मामांनी किल्ली टेबलावर ठेवली, एवढंच म्हणाले, "क्लच जरा जपून दाबा, आजारी आहे." त्या काचेला आता चार स्क्रू मारलेत. नवा ड्रायव्हर चांगला आहे, वेळेवर येतो, कानात कायम काहीतरी घातलेलं असतं. परवा एक मुलगी नेली आम्ही, गोवरचीच, घरापासून वॉर्डापर्यंत किंचाळत होती. मास्क लावू दिला नाही तिनं. मी तिचे हात धरून ठेवले, दुसरं काय करणार? आणि बरोबर होतं ते. नियमानं सगळं बरोबर होतं. मी काचेकडं बघत होते आणि स्क्रू मोजत होते.

आणि त्या बाईनं तक्रार नाही केली. ती फोटो पाठवते. रोज सकाळी. बाळाचं पोट. नुसतं पोट, कपडा वर केलेलं, कधी पाठ, कधी कानामागची जागा. एक शब्द लिहीत नाही. कसे आहात नाही, काही नाही. मी फोटो मोठा करून बघते, इंच न् इंच. साफ. मग फोन पालथा ठेवते आणि आंघोळीला जाते. आनंद होत नाही, सुटकाही वाटत नाही, दात घासल्यासारखं आहे ते. एकदा बाळाच्या पोटावर त्या मोठ्या मुलीचा हात पण आला होता फोटोत, बोटं चिकट, काहीतरी खात असणार. तो फोटो मात्र मी दोनदा बघितला.

काल मामा भेटले, टायरवाल्याकडं बसले होते. मी म्हटलं, अजून साफ आहे. त्यांनी मान हलवली. मी थांबले, म्हटलं, आता बोलतील काहीतरी, गुडघ्याबद्दल तरी. नाही बोलले.

तीन आठवडे अजून संपायचेत. आणि आज सकाळपासून फोटो आलेला नाही. हा बघ फोन, आवाज मोठा करून ठेवलाय. झोपली असेल, चार्जिंग संपलं असेल, विसरली असेल. विसरतात ना माणसं. मी करेन फोन, तो करायचा की नाही हे नाहीच विचारत तुला. मी त्या दुपारचं विचारतेय. शिट्टी वाजतेय, टॅक्सी गेली निघून, ती बाई गाडीकडं बघतेय, आणि समज, तुला पूर्ण वाक्य आठवलंय. काच बंद असेल तर. काच उघडी आहे आणि तुला माहितीय.

तू काय केलं असतंस?